भोंग्याची कवळी

क्षमा करा म्हणून सांगणारी माणसं मला लहानपणापासून पुष्कळ भेटली. त्यांतल्या एकाचंही नाक कुणी भर सभेत कापलेलं नव्हतं. म्हणून मावशीबद्दल लिहायला बसले तेव्हा पहिली गोष्ट ठरवली ती ही, की तिला संत करायचं नाही. ती दात करते. एकोणतीस वर्षं ती लोकांच्या बोळक्यांसाठी कवळ्या बनवते आहे, आणि त्याच्याही दोन वर्षं आधीपासून तिने एका माणसावर दात धरला होता.

आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. बाहेर बाकडं, मधे डॉक्टरांची खोली, आणि लाकडी पडद्यामागे आम्ही दोघी. आमच्या खोलीत एक लांब टेबल, एक हात धुवायची मोरी, मेण वितळवायचा छोटा गॅस आणि उत्तरेची खिडकी. फळीवर प्लास्टरचे साचे ओळीने ठेवलेले, म्हणजे गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं. प्लास्टरची पांढरी भुकटी इतकी उडते की संध्याकाळी मी आरशात पाहिलं तर मला माझं म्हातारपण दिसतं. परीक्षेत दोनदा आपटल्यावर आईने मला मावशीच्या हाताखाली लावलं, त्याला आता सहा वर्षं झाली.

मावशीकडून मी पहिली गोष्ट शिकले ती प्लास्टरची. एकदा पाणी घातलं की तीन-चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात ते मापात, म्हणजे तोंडाच्या ठशात, ओतलं नाही तर वाडग्यातच दगड होतो आणि वाडगं आपटून तो काढावा लागतो. मी सुरुवातीला असे पुष्कळ दगड केले. मावशी ओरडली नाही. तिने ते सगळे माझ्या खुर्चीखाली रचून ठेवले आणि महिनाभर उचलू दिले नाहीत. पाय ठेवायला जागा नव्हती. ती सूड कशी घेते याची मला तेव्हा पहिल्यांदा कल्पना आली.

वेळ वाया घालवलेला तिला सहन होत नाही, आणि त्याचं कारण आमचे आजोबा. ते चर्चची राखण करायचे, दारं उघडायचे, बाकं पुसायचे. सकाळ झाली की प्रभू प्रत्येकाच्या हातात एक दिवस वापरायला देतो आणि संध्याकाळी विचारतो, असं त्यांचं साधं गणित होतं. प्रभू विचारील तेव्हा विचारील, तोवर ते स्वतःच विचारायचे. रात्रीच्या जेवणाला ताटं वाढली की प्रत्येकाकडे बघून म्हणायचे, “आजचा दिवस कुठे गेला?” एका वाक्यात सांगायचं. सबब सांगायची नाही, आणि ‘गेला कसातरी’ चालत नसे. सगळ्यांचं सांगून झालं की मग प्रार्थना आणि मग घास. आजोबा गेल्यावर विचारायचं काम आईकडे आलं. आई मावशीहून सात वर्षांनी मोठी आणि इस्पितळाच्या कपडेखात्यात चादरी मोजणारी. तिच्या नजरेतून उशीचा एक अभ्रा सुटत नाही, तिथे आमचा दिवस काय सुटणार. मी एकदा “झोपेत गेला” म्हणाले. “निदान खरं तरी बोललीस,” म्हणून तिने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

आता भोंग्याबद्दल. चर्चमधल्या गायनमंडळाचा तो प्रमुख होता आणि दर रविवारी शास्त्रपाठही तोच वाचायचा. आवाज असा की मागच्या बाकावर झोपलेला माणूस दचकून उठून बसे, म्हणून भोंगा. मावशी एकोणीस वर्षांची असताना पाळकसाहेबांनी एका रविवारी वाचायला तिला उभं केलं. चर्चचं वर्ष नोव्हेंबरात संपतं, त्याचा तो शेवटचा रविवार होता. आमच्याकडे त्या दिवशी दरवर्षी एकच पाठ वाचतात, ती जुनी प्रार्थना, जिच्यात माणूस देवाला म्हणतो की माझे दिवस मोजायला मला शिकव. मावशीने महिनाभर तयारी केली होती. आईने तिला स्वतःची चांगली साडी नेसवली होती.

मावशीच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. ‘स’ म्हणताना त्यातून बारीक शीळ निघते. घरात कुणाला ती ऐकूही यायची नाही, पण माईकपुढे ती ऐकू आली. भोंगा गायनमंडळाच्या बाकावर बसला होता. पहिल्या ‘स’ला त्याने तोंडातल्या तोंडात तश्शीच शीळ घातली. दुसऱ्याला पुन्हा. पोरं-पोरी खाली माना घालून हसायला लागली. ते हसू बाकाबाकावरून मागे गेलं आणि तिसऱ्या वचनाला मावशीने पुस्तक मिटलं आणि खाली येऊन बसली. उपासना संपल्यावर भोंग्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “पोरी, वाचनाचं राहू दे. तू आपली शिट्टी वाजव.”

तेव्हापासून मंडळीत तिचं नाव शिट्टी. आजही चारचौघींत तिला शिट्टीबाई म्हणतात. का म्हणतात ते म्हणणारीला माहीत नसतं, हा त्यातला आणखी एक वैताग. मावशीने चर्चला जायचं सोडलं नाही, पण तिथे तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. गाणी चालू असताना ती ओठ मिटून उभी राहायची. पुढे ती दातांच्याच कामाला लागली. जगाच्या फटी बुजवल्या, स्वतःची ठेवली. डॉक्टर फुकट करून देत होते, तर म्हणाली, “राहू द्या, पुरावा आहे तो.”

तर गेल्या वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबरात, पडद्याच्या पलीकडून एक आवाज आला. शब्द सगळे बोळक्यातून येत होते, फुसफुसलेले, पण खाली तो जुना ढोल होता. मावशीच्या हातात मेणाचा चाकू होता, तो तिने टेबलावर हळूच ठेवला. भोंगा डॉक्टरांना सांगत होता की दात काढून चार महिने झाले, वाचन बंद पडलं आहे, काहीही करा पण वर्षाच्या शेवटच्या रविवारी मला उभं राहायचं आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि दात मागताना आवाजात पोराचा हट्ट. डॉक्टरांनी माप घेतलं आणि पडद्याच्या फटीतून ते आमच्याकडे सरकवलं. ते अजून ओलं होतं.

मावशीने ते माप इतका वेळ हातात धरलं की मला वाटलं आता मोरीत फेकते. मग तिने प्लास्टर घेतलं, पाणी घातलं आणि ढवळत ढवळत मला म्हणाली, “शीळ कशी काढायची हे मला माहीत आहे. एकोणतीस वर्षं काढते आहे. मग घालायची कशी तेही मलाच माहीत.”

मी काय म्हणाले ते लपवत नाही. मी म्हणाले, “घालच.”

कवळीत शीळ कशी येते ते सांगते, म्हणजे हे काम किती बारीक आहे ते कळेल. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूकडच्या बाजूला जीभ टेकते. तिथला उतार नीट असला तर हवा पसरून बाहेर जाते. तिथे एक अरुंद खाच राहिली की हवा त्या एकाच वाटेने घुसते आणि शीळ वाजते. खाच मोठी झाली तर लगेच कळतं आणि कवळी परत येते. योग्य तेवढीच असली तर हळू बोलताना काही होत नाही. छातीतून हवा लावून मोठ्याने बोललं की ती वाजते. भोंगा दवाखान्यात हळू बोलणार होता आणि चर्चमध्ये छाती फुगवणार होता. त्याच चर्चमध्ये, त्याच रविवारी, त्याच पाठाला आणि त्याच लोकांसमोर. मावशीला एवढंच हवं होतं, की त्याने तिसऱ्या वचनाला पुस्तक मिटून खाली यावं.

तिने त्या कवळीला सगळा जीव लावला. बाकीची कवळी अव्वल हवी होती, म्हणजे कुणाला संशय नको. उत्तरेच्या खिडकीचा सकाळचा चांगला उजेड भोंग्याला. दुपारी हात स्थिर असतात ती वेळही भोंग्याला. त्याच साच्यावर तिने टाळूकडच्या भागाच्या तीन पट्ट्या नुसत्या सरावासाठी केल्या, खाच कोरली, बुजवली, पुन्हा कोरली. आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या म्हातारीची खालची कवळी मधोमध तुटून आमच्याकडे आली होती. एरवी ते अर्ध्या दिवसाचं काम. ती कवळी फडक्यात गुंडाळून टेबलाच्या कोपऱ्यात पडून राहिली. म्हातारी दोनदा जिना चढून विचारून गेली. मी तिला दोन्ही वेळा उद्या या म्हणून सांगितलं, आणि मला तेव्हा काही वाटलं नाही.

घरी संध्याकाळी आई विचारायची. पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, “एका गिऱ्हाइकाच्या वरच्या दातांत गेला.” दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, अजून तेच गिऱ्हाईक? मावशी म्हणाली की काम नाजूक आहे. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. सहाव्या दिवशी गल्लीत शिवणवाली आईला भेटली असावी, कारण आईने ताटावर बसल्यावर मावशीकडे बघितलं आणि विचारलं, “आणि तिने आज काय खाल्लं?” मावशीने ताटातली पोळी सरळ केली. आईने प्रार्थना म्हटली. माझ्या घशाखाली घास उतरला, कारण मला भूक लागली होती आणि भोंग्याचं वाटोळं व्हायचं होतं.

मेणात दात लावून झाले की ते रोग्याच्या तोंडात बसवून बघतात. त्या वेळी आमचे डॉक्टर साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात, कारण त्या आकड्यांत ‘स’ आणि ‘ष’ खच्चून भरले आहेत. भोंगा खुर्चीत बसून मोजत होता, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मेणातले दात मावशीने बिनचूक लावले होते, त्यामुळे आवाज स्वच्छ आला. सत्तर म्हटल्यावर भोंगा स्वतःवरच खूश होऊन म्हणाला की बघा डॉक्टर, घंटेसारखा. डॉक्टरांनी पास केलं. त्यानंतर मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक आलं, आणि घासूनपुसून झाल्यावर शेवटच्या दिवशी मावशीने कोरायची मोटर हातात घेतली, भिंगातून बघत गव्हाच्या दाण्याएवढी खाच कोरली आणि तिच्या कडा इतक्या गुळगुळीत केल्या की मला बोट फिरवूनही लागेना. शनिवारी गर्दीच्या वेळी कवळी पलीकडे गेली. डॉक्टरांनी चावा बघितला, भोंगा हळू आवाजात आभार मानून घरी गेला.

रविवारी मी अर्धा तास आधी जाऊन जागा धरली. मला उकळ्या फुटत होत्या. मावशी माझ्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. भोंगा इस्त्रीच्या कोटात वर गेला, पुस्तक उघडलं, छाती भरून घेतली आणि सुरुवात केली. पहिल्याच ‘स’ला शीळ वाजली. माईकमधून ती छताला जाऊन लागली. पुढच्या बाकावरचं एक मूल हसलं. भोंगा थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा वाजली. आता गायनमंडळाच्या बाकावर माना खाली जायला लागल्या. त्याने ओठांना हात लावला. त्याचे कान लाल झालेले मला तिथून दिसत होते. मावशीने माझा हात धरला होता, तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती आणि ती वचनं मोजत होती. दुसरं झालं. तिसरं झालं. भोंग्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे सगळ्यांकडे पाहिलं.

“दात नवीन आहेत,” तो म्हणाला. “त्यांना अजून प्रार्थना येत नाही. शिकतील.”

लोक हसले, पण त्याच्याबरोबर हसले. आणि हा माणूस चौथं वचन वाचायला लागला. शिळा वाजवत वाजवत त्याने अख्खा पाठ वाचला. आयुष्याची वर्षं सत्तर, असं जिथे येतं तिथे तर ती कवळी नुसती किंचाळली, आणि त्याने तो शब्द सावकाश, पुरा म्हटला आणि पुढे गेला. शेवटपर्यंत गेला. मंडळीने त्या दिवशी ‘आमेन’ म्हटलं तेवढं मोठ्याने मी कधी ऐकलं नव्हतं. बाहेर आल्यावर लोक त्याचा हात हातात घेत होते. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या मेहनतीने खड्डा खणला आणि तो त्यात उतरून, कपडे झटकून, पलीकडून हसत वर आला.

मावशीचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता. घरी आल्यावर ती दुपारभर मागच्या खोलीत कागद-पेन्सिल घेऊन बसली. मला वाटलं, आता काहीतरी दुसरं आखते आहे, आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी ताटं वाढली. आईने विचारलं, “आजचा दिवस कुठे गेला?”

“एकट्या आजचं नाही सांगत, ताई,” मावशी म्हणाली. “त्या रविवारपासूनच्या सगळ्या दिवसांचं सांगते. अकरा हजार तीनशेच्या वर होतात. दुपारी मोजले.”

मावशीने मग सगळं सांगितलं, खाच, सराव, शिवणवालीची कवळी, सगळं. शेवटी म्हणाली, “त्याने माझं एक मिनिट घेतलं होतं. आज त्याच्यावर तेच आलं, तर तो एका मिनिटात त्यातून बाहेर पडला. मला वाटायचं त्याने माझं वाचन घेतलं. त्याने काही नाही घेतलं. पुढच्या रविवारी मी परत उभी राहू शकत होते. त्याच्या पुढच्याही. मी रोज सकाळी उठून तो दिवस नेऊन त्याला देत होते, आणि त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं.”

ती रडेल असं मला वाटलं, पण ती संतापली होती. तो राग आता कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं. मी म्हणाले की तरी चूक त्याचीच. आईने मला हाताने थांबवलं.

“उद्याचा दिवस अजून तुझ्याजवळ आहे,” आई मावशीला म्हणाली. “तो त्याला देऊ नकोस.” मग तिने प्रार्थना केली, नेहमीपेक्षा लहान.

सोमवारी मावशी माझ्या आधी दवाखान्यात पोचली होती. शिवणवालीची कवळी साडेदहाला तयार झाली आणि ती स्वतः घेऊन मावशी तिच्या घरी गेली. बारा दिवस तुम्ही पेजपाण्यावर काढले ते माझ्यामुळे, असं तिने म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली की हो, मी तुला रोज शिव्या देत होते. दोघींचं तिथे मिटलं.

अकराच्या सुमारास भोंगा आला. डॉक्टरांना सांगायला लागला की बाकी सगळं झकास आहे पण ही शीळ तेवढी. डॉक्टर कवळी उजेडात धरून बघत होते, त्यांना काही दिसेना. मावशीने एप्रन काढला आणि पडदा ओलांडून पुढच्या खोलीत गेली. एकोणतीस वर्षांत रोग्यापुढे ती अशी कधी गेली नव्हती. मी फटीला डोळा लावला.

“खाच मी कोरली,” ती म्हणाली. “मुद्दाम.”

डॉक्टर खुर्चीवर बसले. भोंग्याच्या तोंडात तेव्हा दात नव्हते, त्यामुळे त्याचा चेहरा एकदम लहान आणि म्हातारा दिसत होता. त्याने विचारलं का. मावशीने त्याला तो रविवार सांगितला. कुठली साडी, कुठलं वचन, तो कुठे बसला होता, शेवटी काय म्हणाला. सगळं उभ्या उभ्या सांगितलं, आणि त्यात जेवढे ‘स’ आले ते सगळे वाजले.

भोंग्याने पुष्कळ वेळ आठवून बघितलं. “मला आठवत नाही, बाई,” तो म्हणाला. “केलं असेन. मी तसा होतो. पण आठवत नाही.”

“मला रोज आठवत होतं.”

“मग आता काय करता? काढता, की ठेवता?” त्याच्या आवाजात भीती होती. मला ती ऐकून फार समाधान वाटलं, हेही लपवत नाही.

“काढते. चाळीस मिनिटं लागतील, बसा,” मावशी म्हणाली. “काम वाईट केलं त्याची माफी मागते. बाकीची मागत नाही, अजून तेवढं झालेलं नाही माझ्याकडून. आणि पुढच्या रविवारी तोच पाठ मी वाचणार. तुम्ही पाळकसाहेबांना सांगायचं. तुम्ही पहिल्या बाकावर बसायचं, माझ्यासमोर, शेवटपर्यंत, आणि तोंड मिटून.”

भोंग्याने मान हलवली. मग तोही अडखळत काहीतरी म्हणाला, माफीचंच असावं, पण बोळक्यातून मला ते नीट कळलं नाही आणि मावशी तोवर मोटरपाशी पोचली होती. चाळिसाव्या मिनिटाला तिने कवळी त्याच्या हातात दिली आणि साठपासून छाती भरून, मोठ्याने मोजायला लावलं. सत्तरपर्यंत एकही शीळ आली नाही. तो गेल्यावर डॉक्टरांनी तिला सांगितलं की पुन्हा असं झालं तर या दवाखान्यात तुमची जागा नाही. मावशी म्हणाली की बरोबर आहे.

आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघितली. मला माहीत होतं मावशी काय करणार. ती वर उभी राहणार, भोंग्याच्या डोळ्यांत डोळे घालणार आणि एकेक ‘स’ त्याच्या तोंडावर मारणार. एकतीस वर्षांचं एका दमात. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “बघू.” रोज संध्याकाळी तिचं उत्तर एकच असायचं, की आजचा दिवस कामात आणि पाठाच्या तयारीत गेला.

रविवारी भोंगा ठरल्याप्रमाणे पहिल्या बाकावर येऊन बसला. मी मुद्दाम बाजूच्या रांगेत बसले, म्हणजे त्याचं तोंड दिसेल. मावशी वर गेली. पुस्तक उघडलं. माईक आपल्या उंचीला खाली ओढला.

“तिसऱ्या वचनापर्यंत मी मागे वाचलं होतं,” ती म्हणाली. “तिथून पुढे वाचते.”

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मागे म्हणजे कधी, ते आम्हा चौघांनाच माहीत होतं. भोंग्याची हनुवटी खाली गेली आणि मी मनात म्हटलं, लागला पहिला. पहिली शीळ वाजली तेव्हा त्याने डोळे मिटले. सत्तरला त्याचा गळा हलला. मधे त्याने रुमाल काढला, तो नाकाला लावला की डोळ्यांना ते ओळखायला मी पुढे वाकले, तर बाजूच्या बाईने मला कोपराने ढोसलं. त्याची बोटं बाकाच्या कडेवर आवळली होती. शेवटी ‘आमेन’ झालं तेव्हा त्याचे ओठ हलले की नाही, तेवढं मात्र माझ्याकडून निसटलं आणि त्याची मला चुटपुट लागली.

संध्याकाळी आम्ही तिघी जेवायला बसलो. आईने मावशीला विचारलं.

“वाचण्यात गेला,” मावशी म्हणाली. तिने मान वर केली तेव्हा ती मला एकोणीस वर्षांची वाटली. मी न राहवून विचारलं की तो कसा दिसत होता, तुझ्या समोर, तुला काय वाटलं त्याच्याकडे बघून.

ती घटकाभर आठवत राहिली. “अगं, बघायचं राहूनच गेलं,” ती म्हणाली. “तो होता का पहिल्या बाकावर? मी आपली वाचत होते.”

आई हसली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “आणि तुझा कुठे गेला?”

एका वाक्यात सांगायचं असतं, सबब चालत नाही. मी तोंड उघडलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की मावशीने एकतीस वर्षांनी चर्चमध्ये पाठ वाचला आणि त्यातला एक शब्दही मी ऐकलेला नव्हता. ताटातलं निवत होतं आणि दोघी माझ्याकडे बघत थांबल्या होत्या.

“भोंग्याला गेला,” मी म्हणाले.